आमच्यात ‘जाते’ म्हणतात

घरातून बाहेर पडताना ‘जातो’ म्हणू नये, ‘येतो’ म्हणावं, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. मिरजेच्या शांतिनाथ मगदूमच्या घरात मात्र दोन वर्षं उलटं चाललं होतं. त्याची मुलगी सन्मती शाळेला निघताना उंबऱ्यावर उभी राहून ओरडायची, “अण्णा, जाते!”

शेजारच्या काकू कानांवर हात ठेवायच्या. “अगं अवदसे, जाते काय म्हणतेस? येते म्हणावं.”

“आमच्यात जाते म्हणतात,” सन्मती सांगायची आणि निघून जायची.

त्याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी शांतिनाथची बायको त्रिशला कुकर लावता लावता खाली बसली, ती उठलीच नाही. मेंदूत रक्त साकळलं होतं. तीन दिवस ती दवाखान्यात बेशुद्ध होती. सन्मती तेव्हा तेरा वर्षांची. ती आईच्या उशाशी बसून राहायची, जेवायलाही उठायची नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी ती एकदम ताठ बसली आणि म्हणाली, “अण्णा, आई बोलतेय. मला ऐकू येतंय. ती म्हणतेय, येते.”

शांतिनाथने एवढंच ऐकलं. येते. बायको परत येतेय. तो धावत घरी गेला. दवाखान्यातून घरी येताना तिला नेसायला साडी हवी, म्हणून त्याने कपाट उघडलं. ही घ्यावी की ती, यात त्याने अर्धा तास घालवला. शेवटी मोरपंखी घेतली. साडी घेऊन तो परत पोचला तेव्हा त्रिशला गेलेली होती.

ती येते म्हणाली होती, पण निघताना म्हणतात तसं म्हणाली होती. मुलीने ऐकलं ते खरं होतं. अर्थ चुकला होता, आणि तो शांतिनाथने लावला होता. तेराव्यानंतर सन्मती शाळेला निघाली तेव्हा दारात थांबून म्हणाली, “अण्णा, मी आजपासून जाते म्हणणार. आई येते म्हणाली आणि गेली. मी जाते म्हणेन आणि येईन.”

शांतिनाथने तिचं दप्तर तिच्या खांद्यावर अडकवलं.

पोरीला हे ऐकू आलं कसं, ते इथेच सांगितलेलं बरं.

आपण मनातल्या मनात बोलतो तेव्हा ओठ हलत नाहीत, पण मेंदूचा बोलायचा भाग खरोखर बोलल्यासारखाच काम करतो. तिथे बारीकशी वीज वाहते, आणि वीज वाहिली की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. ते इतकं क्षीण असतं की पृथ्वीचं क्षेत्र त्याच्या कोट्यवधी पट मोठं. ते टिपणारी यंत्रं पूर्वी कपाटाएवढी असायची. मग ती कपाळावरच्या पट्टीत मावायला लागली. मुलाचं लक्ष अभ्यासात आहे की नाही हे बाईंना कळावं म्हणून शाळांनी या पट्ट्या घेतल्या. लक्ष उडालं की पट्टी कानामागे हलकी थरथरायची, मूल भानावर यायचं.

पण त्यातून भलतंच घडलं. पक्ष्यांना दिशा कळते ती काही अंशी पृथ्वीच्या चुंबकत्वामुळे. माणसाच्या मेंदूतही लोहाचे चुंबकी कण थोडे सापडतात. ते कशासाठी आहेत, हे कुणाला माहीत नव्हतं. किशोरवयात मेंदू स्वतःची छाटणी करतो, वापरात नसलेल्या जोडण्या काढून टाकतो. लाखात एखाद्या मुलाच्या मेंदूला ही छाटणी व्हायच्या आत त्या थरथरीने नवी सवय लावली. त्या मुलाला शेजारच्या माणसाच्या मनातले शब्द ऐकू यायला लागले, आणि पट्टी काढली तरी येतच राहिले. मनातली चित्रं त्याला दिसत नाहीत. फक्त मनात बोललेला शब्द ऐकू येतो, तोही दहा-बारा फुटांपर्यंत. अठराव्या वर्षाच्या आसपास छाटणी पुरी झाली की हे आपोआप थांबतं. सन्मती अशा मुलांपैकी एक.

शांतिनाथला यातलं निम्मं कळलं. तो तंबोऱ्यांच्या कारखान्यात जवारी काढायचा. तंबोऱ्याच्या घोडीवर तार जिथे टेकते, तिथला उतार कानशीने केसभर केसभर घासत न्यायचा, तार नुसती वाजायची थांबून बोलायला लागेपर्यंत. कारखान्याचे मालक मुबारकभाई, वय सत्तरच्या पुढे. त्यांनी सगळं ऐकून एका वाक्यात निकाल लावला.

“म्हणजे तरफेची तार की रे! वरची तार छेडली की खालची तरफ आपोआप वाजती. तिला कोण हात लावतंय? तुझी पोरगी तरफ हाय, शांत्या.”

“मग तिला त्रास नाही ना होणार?”

“तरफेला त्रास कसला? त्रास सतारीवाल्याला. एवढ्या तारा जुळवायच्या म्हणजे!” ते हसले, मग हसायचे थांबले. “मात्र एक हाय. तरफेला स्वतःहून वाजता येत नाही.”

सन्मती पंधरा वर्षांची झाली आणि सरकारचा माणूस घरी आला. राजवाडे नाव सांगितलं. पन्नाशीचा, बोलायला मृदू, चपला बाहेर काढून आत आला. त्याने त्रिशलाच्या फोटोला नमस्कार केला. ‘श्रवण प्रकल्प’ म्हणून एक निवासी शाळा आहे, अशा अकरा मुलांची. शिक्षण तिथेच. मुलं देशाच्या कामी येतील, हरवलेल्या माणसांचा शोध लागेल, घातपात आधी कळतील. सन्मतीने “मी बघून येते” म्हटलं आणि लगेच जीभ चावली. “म्हणजे जाते. बघायला जाते.” शांतिनाथने एका वर्षासाठी सही केली. आपण हो का म्हणालो, हे त्याला पुढे कितीदा आठवूनही नीट आठवलं नाही.

प्रकल्प जतकडच्या माळावर होता. भोवती पवनचक्क्या, मधे लांबलचक बैठी इमारत. महिन्याच्या पहिल्या रविवारी अकरा वाजता भेट. भेटीच्या खोलीत दोन खुर्च्या, एक टेबल, आणि मागे पांढरी भिंत. भिंतीत काचही नव्हती.

पहिल्या भेटीत सन्मती खुशीत होती. जेवण बरं आहे म्हणाली. निघायच्या आधी त्याला तिथल्या जेवणघरात चहाला नेलं. अकरा मुलं एका लांब टेबलाला बसली होती. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. त्याच्या लक्षात आलं की सगळे कप एकाच वेळी उचलले जातायत आणि एकाच वेळी खाली ठेवले जातायत. कुणी खूण करत नव्हतं. त्याच्याही हातातला कप त्यांच्याबरोबर उचलला गेला होता. ते कळलं तेव्हा त्याने तो घाईने खाली ठेवला, आणि चहा बशीत सांडला.

“अण्णा, जाते,” सन्मती दारात म्हणाली. त्याला हायसं वाटलं.

दुसऱ्या भेटीत ती वाळलेली दिसली. काय काम देतात विचारलं, तर म्हणाली, “एका खोलीत माणूस बसवतात. त्याला प्रश्न विचारतात. तो गप्प बसतो. मी भिंतीपलीकडे बसते आणि तो मनात काय म्हणतोय ते लिहून देते.”

“मग त्या माणसाचं काय करतात?”

“ते मला सांगत नाहीत.” मग ती एकदम जाड्या, दमलेल्या आवाजात बोलली. “साहेब, माझ्या म्हशीला कोण पाणी पाजणार? दोन दिस झालं. तिला कोण पाजणार, साहेब?”

शांतिनाथ खुर्चीत मागे सरकला. “सनू?”

“काय?”

“आत्ता काय म्हणालीस?”

“कुठे काय?” तिने डोळे चोळले. “कधी कधी होतं अण्णा असं. कुठला शब्द माझा आणि कुठला दुसऱ्याचा, ते पटकन कळत नाही. मग मी आपली जाते म्हणते. ते माझं असतं. ते दुसरं कुणी म्हणतच नाही.”

हिला आज इथून नेली पाहिजे, असं त्याच्या मनात आलं. त्याने तोंड उघडायच्या आत दार उघडलं. केंद्राच्या डॉक्टर केतकी वाकनीस आत आल्या, मागे राजवाडे.

“मगदूम, घरी न्यायचं म्हणताय, पण आज तसं करता येणार नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “तिला ताप आहे. पुढच्या महिन्यात बघू.”

“मी कुठे म्हटलं न्यायचं?”

डॉक्टर हसल्या. राजवाडेने भिंतीकडे एकदा पाहिलं आणि नजर खाली केली. शांतिनाथला तेव्हा कळलं, की भिंतीपलीकडे कुणीतरी बसलंय आणि ते त्यालाच ऐकतंय.

डॉक्टरांनी त्याला बाजूच्या खोलीत नेलं, खुर्ची दिली. त्या वाईट बाई नव्हत्या, निदान तशा दिसत नव्हत्या. त्यांनी सरळ सांगितलं. मुलांची ही शक्ती अठराव्या वर्षी जाते. छाटणी थांबवणारं एक इंजेक्शन निघालंय. एका मुलीला देऊन झालंय, ती आता एकोणीसची आहे आणि अजून ऐकते. आता सन्मतीला द्यायचंय. त्यासाठी वडिलांचं संमतीपत्र हवं.

“आणि नाही दिलं तर?”

“तर तीन वर्षांत सगळं पुसलं जाईल. सगळं म्हणजे तिने आजवर जे ऐकलं तेही.” त्या थांबल्या. “तुमच्या मिसेसजवळ ती तीन दिवस बसली होती ना? बेशुद्ध माणूसही मनात बोलत असतो, मगदूम. तीन दिवसांचं बोलणं तुमच्या मुलीच्या डोक्यात पडून आहे. तिला ते आठवत नाही, कारण मेंदू ते छाटायला निघालाय. इंजेक्शन दिलं की ते राहील. हळूहळू वर येईल. तुम्हाला ऐकायला मिळेल.”

तो माळावरून चालत बसथांब्यावर आला. पवनचक्क्यांची पाती फिरत होती. दोन वर्षं त्याला एकच शब्द पुरवून पुरवून वापरावा लागला होता. आता ही बाई म्हणत होती, तीन दिवसांचे शब्द आहेत.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात त्याने एक घोडी घासून वाया घालवली. मुबारकभाई बघत होते.

“शांत्या, ती घोडी हाय, गाजर न्हवं. किती खिसशील?”

त्याने सगळं सांगितलं. म्हातारा बराच वेळ एका भोपळ्यावरची धूळ फडक्याने पुसत राहिला.

“वहिनी काय बोलली आसंल तीन दिवस?” ते म्हणाले.

“तेच तर.”

“आन तू सही केलीस तर पोरगी बोलणार, पण कुणाच्या आवाजात? आज वहिनीच्या, उद्या त्या म्हशीवाल्याच्या. तिचा आवाज कुठं ऱ्हाणार?”

“भाई, मला काहीच कळंना. तिथं गेलं की माझ्याच डोक्यात काय चाललंय ते मला कळत नाही. मनात आलं की त्यांना आधी कळतं. नाही म्हणायचं ठरवलं तर तेही ऐकू जाणार. आजवर एकाही आईबापाला पोर परत नेता आलेलं नाही. कसं नेणार? मनात आलं की डॉक्टर रजेवर.”

मुबारकभाई हसले. “अरे, तू जवारी काढताना मनात काय बोलतोस?”

“कुठं काय बोलतो? नुसतं ऐकतो.”

“मंग झालं की. तीस वर्सं माझ्यासमोर बसून तू तेवढंच करतोयस. घास आन ऐक. शब्द नाही त्यात.”

शांतिनाथने मान हलवली. पण नाही म्हणायचंच, असं त्याने ठरवलं नव्हतं. ते खरंच ठरलेलं नव्हतं. रोज सकाळी त्याला वाटायचं सही नको, आणि संध्याकाळी मोरपंखी साडी कपाटात दिसली की वाटायचं, करून टाकावी.

संमतीपत्रावर सही घ्यायला भेटीच्या रविवारी प्रकल्पाच्या बाहेरच्या कचेरीत तालुक्याचे नायब तहसीलदार येत. मूल अल्पवयीन, तेव्हा सही बाहेरच्या सरकारी साक्षीदारासमोरच, आणि सहीच्या वेळी मूल बापाजवळ हजर हवं, असा कायदा होता. तिथे बापाने ‘नाही’ लिहिलं की आधीची वर्षाची सहीही रद्द व्हायची आणि मुलाचा ताबा त्याच्याकडे यायचा. पण त्याआधी भेटीची खोली होतीच. भिंतीपलीकडून ‘राजी’ असा निरोप आला तरच माणूस त्या टेबलापर्यंत पोचायचा. नाहीतर ‘आज साहेब आले नाहीत’.

पुढच्या भेटीच्या रविवारी अकरा वाजता सन्मती त्याच्यासमोर येऊन बसली. तिने केस त्रिशलासारखे बांधले होते. तिने बांधले की कुणी बांधून दिले, कुणास ठाऊक. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “अहो.”

त्रिशला त्याला अशीच हाक मारायची.

“अहो, दूध वर ठेवलंय ते बंद केलंत का?” आवाज पोरीचाच होता, पण लकब त्रिशलाची. ‘केलंत का’ म्हणताना ती शेवटी अशीच आवाज चढवायची. “आणि सनूच्या वेणीला काळी रिबीन नको, लाल घाला. तुम्हाला नाही जमायची वेणी. काकूंना सांगा.”

शांतिनाथच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. त्याला ते पुसावंसंही वाटेना. इंजेक्शनाआधीच एवढं वर आलं होतं. त्रिशला दवाखान्यात पडून वेणीचा विचार करत होती. दुधाचा. त्याचा. अजून, त्याच्या मनात आलं, अजून बोल. सही करतो, पण बोल.

त्याला ठाऊक होतं की हेही भिंतीपलीकडे ऐकू गेलं असणार. जाऊ दे.

सन्मती उठली. भेटीची वेळ संपत आली होती. दाराशी जाऊन ती वळली.

“येते,” ती म्हणाली, आणि दार लागलं.

तो तसाच बसून राहिला. येते. हे कोण म्हणालं? त्रिशला म्हणाली असेल तर ते दवाखान्यातलंच आहे, तिसऱ्या दिवशीचं, आणि याच्या आधीचं सगळं पोरीच्या डोक्यात आहे, सही केली की वर येईल. आणि सन्मती म्हणाली असेल तर? आमच्यात जाते म्हणतात. दोन वर्षांत ती एकदाही निघताना येते म्हणाली नव्हती. आज म्हणाली. का म्हणाली? विसरली? की जे एवढं एकच तिचं होतं, तेही गेलं? की ती मुद्दाम सांगत होती, अण्णा, आता मी जाते ती परत येत नाही?

त्याला कळेना. इकडून धरलं तर तिकडून सुटायचं. मग त्याला एवढंच कळलं, की कोण म्हणालं याने फरक पडत नाही. आई म्हणालेली असो की लेक, त्याच्या घरात येते म्हणजे जाणं. एकदा त्याने त्याचा अर्थ चुकीचा लावला होता आणि साडी शोधत बसला होता.

पुढचा विचार शब्दांत यायच्या आत त्याने डोळे मिटले. समोर तंबोरा आहे असं धरलं. पहिली तार छेडली. तार कोरडी वाजली. कानशीचा एक हात. परत छेडली. आवाज थोडा उघडला. आणखी एक हात. तो ऐकत राहिला. मनात कुठलाही शब्द नव्हता, नुसता नाद होता, आणि त्या नादाच्या तळाशी एकच गोष्ट राहिली, ती काही केल्या निघेना. पोरीचं नाव. सन्मती. सन्मती. सन्मती.

किती वेळ गेला ते त्याला समजलं नाही. दार उघडलं आणि राजवाडे आत आला. त्याच्या हातात कागदाची चिठ्ठी होती.

“चला मगदूम,” तो म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता. “साहेब थांबलेत.”

बाहेरच्या कचेरीत नायब तहसीलदार बोधले बसले होते. जाड भिंगांचा चष्मा, टेबलावर डबा, निवृत्तीला सहा महिने उरलेले. त्यांचं लक्ष घड्याळाकडे होतं. सन्मतीला आणून वडिलांच्या शेजारी उभी केली. ती समोर बघत होती, कुणाकडेच नाही. शांतिनाथने तिचा हात धरला. हात गार होता.

“वाचता येतं ना?” बोधलेंनी विचारलं.

“येतं.”

“मग वाचा, खाली संमती आहे किंवा नाही ते स्वतःच्या अक्षरात लिहा, आणि सही करा. घाई नाही. म्हणजे तशी आहे. माझी बस दीडची आहे.”

शांतिनाथने पेन घेतलं. मनात तार वाजत होती. त्याने ‘नाही’ असं लिहिलं आणि खाली सही केली.

बोधलेंनी कागद डोळ्यांजवळ नेला. “नाही लिहिलंय यांनी.”

“नाही?” राजवाडे पुढे झाला. “शक्यच नाही. साहेब, चूक झाली त्यांची. दुसरा कागद देतो.”

“काय हो मगदूम, चुकून लिहिलंत?”

“नाही, साहेब. मला पोरगी घरी न्यायचीय.”

डॉक्टर वाकनीस आतून धावत आल्या. राजवाडेने हातातली चिठ्ठी टेबलावर आपटली. “हे बघा! सात नंबरने शेवटचा अर्धा तास ऐकून दिलंय. माणूस मनात एकच शब्द म्हणत होता. संमती. संमती. संमती. सोळा वेळा!”

बोधलेंनी चिठ्ठी पाहिली. मग अर्ज पाहिला. मग चष्मा काढला.

“अहो राजवाडे, मुलीचं नावच सन्मती आहे.”

बाहेर पवनचक्कीच्या पात्याची सावली खिडकीवरून गेली, परत गेली.

“तुम्ही मनातलं ऐकता म्हणे,” बोधले अर्जावर शिक्का मारत म्हणाले, “आणि साधं नाव ऐकू येत नाही? पालकाची संमती नाही, मूल पालकाजवळ हजर आहे. ताबा वडिलांचा. हे मी आता नोंदवलं. त्यांना अडवायचं तर मला लेखी कारण द्या, आणि मी ते जिल्ह्याला पाठवतो. देता?”

राजवाडेने डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर भिंतीकडे बघत होत्या.

बोधले दीडच्या बसने त्यांच्याबरोबरच आले. जतला उतरेपर्यंत ते डब्यातली शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी खात होते, आणि सन्मतीला अर्धी देऊ करत होते. ती घेत नव्हती. मिरजेच्या रस्त्याला लागल्यावर ती पहिल्यांदा बोलली.

“अण्णा, तिला चुकीचं नाही ऐकू आलं.”

“कुणाला?”

“सात नंबरला. कस्तुरीला. ती माझ्या शेजारी झोपायची. तिला इंजेक्शन दिलंय. तिला स्वतःचं नाव कधी आठवतं, कधी आठवत नाही. मग मी तिला सांगायची, तू कस्तुरी कोकरे, तुझ्या वडिलांची मेंढरं आहेत. तिला माझं नाव पक्कं ठाऊक होतं. रोज हाक मारायची.” सन्मती खिडकीबाहेर बघत होती. “तिने लिहिताना संमती लिहिलं. अनुस्वार देऊन.”

“मुद्दाम?”

“असेल. की तिला खरंच तसं वाटलं असेल. मला नाही सांगता येत.”

शांतिनाथने विचारू नये असं ठरवलं होतं, पण त्याने विचारलं. “आणि ते, येते, ते कोण म्हणालं, सनू? तू की आई?”

तिने खिडकीकडून तोंड वळवलं.

“मला वाटलं मी म्हणाले,” ती म्हणाली. “आता तुम्ही विचारलंत, तर नक्की नाही सांगता येत.”

पुढचे आठ दिवस ती झोपून होती. मधेच म्हशीवाला बोलायचा, मधेच कुणी बाई कन्नडमध्ये रडायची. त्रिशला पुन्हा बोलली नाही. शांतिनाथ उशाशी बसून वाट बघायचा, आणि आपण वाट बघतोय हे मुलीला ऐकू जातंय, याची त्याला लाज वाटायची. एकदा ती डोळे न उघडता म्हणाली, “बघा अण्णा, वाट बघायला हरकत नाही.” शेजारच्या काकू रोज येऊन तिची वेणी घालून जात. लाल रिबिनीची.

नवव्या दिवशी सकाळी तिने स्वतः उठून चहा केला. शांतिनाथने अंगात सदरा घातला, पायात चपला अडकवल्या.

“कारखान्यात?”

“नाही. जतकडे. तुझ्या त्या कस्तुरीचा बाप कुठल्या माळावर मेंढरं घेऊन बसलाय ते शोधतो. त्याला ठाऊकच नसणार की पोर परत मागता येते म्हणून. बोधले साहेबांनी पत्ता काढून द्यायचं कबूल केलंय. ते म्हणाले, सहा महिने आहेत अजून माझे.”

“त्याला काय सांगाल?”

“ते मलाही ठाऊक नाही. इंजेक्शन दिलेल्या, एकोणीस वर्षांच्या पोरीला परत आणता येतं का, तेही ठाऊक नाही. आधी तिचं नाव सांगीन.”

तो उंबऱ्याशी गेला. शेजारच्या काकू दारात तांदूळ निवडत होत्या. त्याने मागे वळून पाहिलं. सन्मती कप हातात धरून उभी होती, एकटीच, आणि तिने कप तिला हवा तेव्हा तोंडाला लावला.

“सनू, जातो,” तो म्हणाला.

काकूंनी कपाळावर हात मारला. “आता बापसुद्धा!”

शांतिनाथने उंबरा ओलांडला. त्याच वेळी तो मनात काही म्हणाला की नाही, हे त्याला स्वतःलाही समजलं नाही. मागे सन्मती मात्र म्हणाली, “हो अण्णा. लवकर या.”